ठरलेला शनिवार : इटलीच्या महिला वॉटर पोलो लीगची चाळीस वर्षे

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास छापायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. पहिली बैठक कोणाच्या घरी झाली, पहिली वर्गणी किती होती, जागा कोणी दिली, पहिला करंडक कधी आला, हे सगळे त्यात येते आणि आपल्या आधीच्यांनी काय सोसले ते पुढच्या पिढीला कळते. वाकोल्यात पोहायला शिकणाऱ्या मुलींसाठी निघणाऱ्या या स्मरणिकेत मी मात्र एका दूरच्या संस्थेचा इतिहास सांगणार आहे. ती संस्था म्हणजे इटलीची महिला वॉटर पोलोची सर्वोच्च राष्ट्रीय लीग, सेरी ए-1. तिचे पहिले विजेतेपद 1985 साली दिले गेले. वर्षभर चालणारी अशी लीग आपल्या मुलींसाठी आपल्या देशात अजून उभी राहिलेली नाही. म्हणूनच चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणी ती कशी उभी केली, कशी टिकवली आणि तिने काय दिले, हे आपल्याला माहीत असायला हवे.

वाकोल्याला पाण्याची ओळख करून द्यायला नको. आपल्या वस्तीतून वाहणारा नाला पुढे मिठी नदीला मिळतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा गळ्यापर्यंत पाणी म्हणजे काय ते इथल्या अनेक घरांनी पाहिले. मुलीला पोहता आलेच पाहिजे, हा निश्चय आमच्या घरात त्या रात्री झाला. जीव वाचवण्यासाठी शिकलेले पोहणे पुढे खेळ होते, आणि तो खेळ सात जणींनी मिळून खेळायचा असला की त्याला वॉटर पोलो म्हणतात.

खेळ आणि आपला वारसा

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका संघाच्या सात खेळाडू पाण्यात असतात, सहा जणी पोहत आणि सातवी गोलात. तळाला पाय टेकायचा नाही. गोलरक्षक सोडून कोणीही चेंडूला दोन्ही हात एकाच वेळी लावायचे नाहीत. आठ-आठ मिनिटांचे चार डाव असतात, पण चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबते, त्यामुळे प्रत्यक्षात तासभर तरी पाण्यात झुंजावे लागते. गोलरक्षकाची टोपी लाल, बाकीच्यांची एका संघाची पांढरी तर दुसऱ्याची निळी. कानांना मार लागू नये म्हणून टोपीलाच कानावरची झाकणे. उभ्याने तरंगण्यासाठी पाय आळीपाळीने गोल फिरवत राहायचे असतात. त्याला प्रशिक्षक ‘एगबीटर’ म्हणतात. ही हालचाल अंगात मुरायला वर्षे लागतात. ती मुरली की मुलगी कमरेपर्यंत पाण्याबाहेर येऊन चेंडू फेकू शकते.

पुरुषांच्या वॉटर पोलोत भारताचा इतिहास मोठा आहे. 1948 च्या लंडन आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ उतरला होता. मुंबईचे आयझॅक मन्सूर त्या काळातले खेळाडू. 1951 मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यात वॉटर पोलोचे सुवर्णपदक भारताने जिंकले. 1970 मध्ये बँकॉकला रौप्य आणि 1982 मध्ये दिल्लीत कांस्य मिळाले. बायकांसाठी पाण्याची वाटही मुंबईने लवकर मोकळी केली. हेलसिंकीला गेलेल्या भारताच्या मोजक्या महिला खेळाडूंत मुंबईच्या जलतरणपटू डॉली नाझीर होत्या. पण सात जणींच्या संघाला आशियाई स्पर्धेत जागा मिळायला 2010 साल उजाडले. चीनमधल्या ग्वांगझूला महिलांचा वॉटर पोलो प्रथमच समाविष्ट झाला, तेव्हा चार संघ उतरले आणि त्यांत भारताचा एक होता. पदकाने त्या संघाला हुलकावणी दिली. आपल्या मुलींनी खेळात कुठे कमी पडू नये असे वाटत असेल, तर त्या चौथ्या क्रमांकाकडे पाहून एक प्रश्न विचारावा लागतो. पदक मिळवणारे देश वर्षभर काय करत असतात?

1985 : सुरुवात

इटलीतील जलतरण महासंघाची स्थापना 1899 ची. पुरुषांची राष्ट्रीय वॉटर पोलो स्पर्धा तिथे 1912 मध्ये सुरू झाली आणि पहिले विजेतेपद जेनोआने मिळवले. पुरुषांच्या राष्ट्रीय संघाने 1948 आणि 1960 मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. त्या संघाला लोक प्रेमाने ‘सेत्तेबेल्लो’ म्हणू लागले. तिथल्या पत्त्यांच्या एका लोकप्रिय खेळात सत्तीच्या एका मौल्यवान पानाचे ते नाव आहे. म्हणजे खेळ होता, तलाव होते, प्रेक्षक होते आणि मानही होता. तरीही बायकांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू व्हायला पुरुषांच्या नंतर 73 वर्षे जावी लागली.

ही उशिरा झालेली सुरुवात एकट्या इटलीची नव्हती. महिलांची पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा त्याच 1985 साली ऑस्लोला झाली आणि नेदरलँड्सने ती जिंकली. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1986 मध्ये माद्रिदला झाली आणि ऑस्ट्रेलियाने बाजी मारली. इटलीच्या महासंघाने लीग त्याच सुमारास उभी केली, हे त्यांचे शहाणपण. आंतरराष्ट्रीय दार उघडले की आत जायला खेळाडू तयार असल्या पाहिजेत, आणि खेळाडू तयार होतात त्या घरच्या सामन्यांतून.

पहिले विजेतेपद कोणा मोठ्या शहराला मिळाले नाही. ते गेले सांता मारिया कापुआ वेतेरे या नेपल्सच्या उत्तरेकडच्या गावातल्या व्होल्तुर्नो क्लबला. जवळून वाहणाऱ्या नदीचेच नाव क्लबला आहे. प्राचीन काळी याच ठिकाणी कापुआ नगरी होती. तिथले रोमन प्रेक्षागार आजही उभे आहे आणि स्पार्टाकसचे बंड सुरू झाले ते तिथल्या ग्लॅडिएटरांच्या आखाड्यातून. अशा गावच्या मुलींनी सुरुवातीच्या हंगामांवर राज्य केले. व्होल्तुर्नोने सलग विजेतेपदे घेतली, आणि इतर क्लबांपुढे एक माप ठेवले. लीगची पहिली देणगी हीच. कोणाला हरवायचे आहे, हे सगळ्यांना स्पष्ट दिसू लागले.

कातानियाचे क्षितिज

ज्यांनी व्होल्तुर्नोला मागे टाकले त्यांची गोष्ट या लीगच्या इतिहासातली सर्वांत मोठी आहे. सिसिली बेटावर एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी कातानिया शहर आहे. तिथे 1985 मध्येच एक महिला क्लब स्थापन झाला. त्याचे नाव ‘ओरिझ्झोंते’, म्हणजे क्षितिज. 1992 मध्ये या क्लबने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यानंतर 2006 पर्यंत एकही वर्ष त्यांनी हातचे जाऊ दिले नाही. सलग पंधरा विजेतेपदे! त्याच काळात 1994, 1998, 1999, 2001, 2002, 2004 आणि 2005 अशी सात युरोपीय विजेतेपदेही त्यांनी जिंकली, आणि 2008 मध्ये आठवे.

एकच संघ पंधरा वर्षे जिंकत राहिला तर लीगचे भले झाले का, असा प्रश्न कोणी विचारेल. निकालांचा तक्ता पाहिला तर तसे वाटेलही. पण त्या पंधरा वर्षांत कातानियाच्या तलावात कोण घडले ते पाहिले पाहिजे. कातानियाचीच लेक जूसी मालातो तिथे जगातल्या श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक झाली. मादालेना मुसुमेची त्याच शहरातली. रोमहून मार्तीना मिचेली आली, तानिया दी मारिओ आली. मेसिनाहून सिल्विया बोसुर्जी आली. माउरो माउजेरी यांच्यासारखा प्रशिक्षक त्यांना लाभला. रोमसारख्या राजधानीतल्या मुलीने खेळासाठी दक्षिणेकडच्या एका बेटावर जाऊन राहावे, ही गोष्ट साधी नाही. त्यांना तिथे कोणी बोलावले, तर एका क्लबाने. आणि त्या गेल्या, कारण तिथे गेल्यावर प्रत्येक आठवड्याला कसाचा सामना मिळणार याची खात्री होती. इतर क्लबांतल्या मुलींनाही दरवर्षी दोनदा युरोपच्या विजेत्यांशी खेळावे लागे. हरूनही त्या शिकत राहिल्या. ओरिझ्झोंतेच्या विरुद्ध तीन गोलांनी हरलेला संघ पुढच्या वर्षी एका गोलाने हरला, तर तीही प्रगतीच होती.

सिडनीची रिकामी जागा आणि अथेन्स

लीगला दहा वर्षे झाली आणि फळे दिसू लागली. इटलीच्या महिला संघाने 1995, 1997 आणि 1999 मध्ये युरोपीय अजिंक्यपद मिळवले. 1998 मध्ये पर्थला तो जगज्जेता झाला. पुरुषांच्या ‘सेत्तेबेल्लो’च्या शेजारी बायकांच्या संघाला ‘सेत्तेरोझा’, म्हणजे गुलाबी सात, असे नाव पडले. प्रशिक्षक होते पिएर्लुइजी फॉर्मिकोनी.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा वॉटर पोलो 1900 पासून होता. बायकांना तिथे यायला बरोबर शंभर वर्षे लागली. त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या खेळाडूंनी चिकाटीने लढा दिला. पाहुण्या क्रीडा अधिकाऱ्यांना आपली मागणी ऐकवण्यासाठी त्या सिडनीच्या विमानतळावर पोहण्याच्या पोशाखात जाऊन उभ्या राहिल्या. अखेर 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये सहा संघांना जागा मिळाली. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने अमेरिकेला 4-3 असे हरवले. निर्णायक गोल इव्हेट हिगिन्स हिने शेवटचे जेमतेम सव्वा सेकंद उरले असताना केला. पण त्या सहा संघांत इटली नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या जगज्जेत्या मुली पात्रता फेरीतच अडखळल्या होत्या. बायकांना शंभर वर्षांनी मिळालेला तो पहिला सोहळा त्यांना घरी बसून पाहावा लागला.

या प्रसंगापाशी मी पुन्हा पुन्हा येते. अशा पराभवानंतर संघ मोडतात. खेळाडू निवृत्त होतात, महासंघ हात आखडता घेतो, घरचे म्हणतात आता पुरे. इटलीत तसे झाले नाही, कारण ऑलिंपिक हुकले तरी लीगचा हंगाम ठरल्याप्रमाणे यायचाच होता. पुढे नवा हंगाम होता, आणि शनिवारी सामना होता. मुली पाण्यात उतरल्या. 2001 मध्ये फुकुओकाला त्यांनी जागतिक अजिंक्यपद पुन्हा जिंकले आणि 2003 मध्ये युरोपीय.

मग अथेन्स. 26 ऑगस्ट 2004. अंतिम सामन्यात समोर यजमान ग्रीस, आणि सारे प्रेक्षागार त्यांच्या बाजूने. त्याआधी उपांत्य फेरीत इटलीने अमेरिकेला 6-5 असे एका गोलाने मागे टाकले होते. अंतिम सामना ठरल्या वेळेत सुटला नाही. जादा वेळेत इटलीने तो 10-9 असा जिंकला. कर्णधार होती कार्मेला आलूच्ची. स्पर्धेत सर्वाधिक, 14 गोल तानिया दी मारिओने केले. मालातो, मिचेली, मुसुमेची, बोसुर्जी, सगळ्या त्या संघात होत्या. ज्या देशात बायकांची स्पर्धा सुरू होऊन वीस वर्षेही झाली नव्हती, त्या देशाने ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. ते सुवर्ण एका संघाचे होतेच, पण त्यात हरलेल्या क्लबांचाही वाटा होता.

हाती आले ते आणि निसटले ते

2007 मध्ये पंधरा वर्षांची ती सत्ता खंडित झाली. फ्लॉरेन्सच्या फियोरेंतीना संघाने राष्ट्रीय विजेतेपद घेतले आणि त्याच वर्षी युरोपीय विजेतेपदही. त्यांचे प्रशिक्षक होते जान्नी दे माजिस्त्रिस, स्वतः पाच ऑलिंपिक खेळलेले आणि 1978 चे जगज्जेते. पुरुषांच्या खेळातला इतका मोठा माणूस बायकांच्या संघाच्या काठावर उभा राहिला, हीसुद्धा लीगची कमाई. ओरिझ्झोंतेने 2008 ते 2011 पुन्हा चार विजेतेपदे घेतली.

इतिहास सांगायचा तर दुखरी पानेही उलटली पाहिजेत. पुरुषांच्या वॉटर पोलोत सर्वांत नावाजलेला क्लब म्हणजे प्रो रेक्को. त्यांच्या महिला संघाने 2012 मध्ये लीग जिंकली आणि युरोपीय विजेतेपदही जिंकले. आणि त्याच यशाच्या शिखरावर तो महिला संघ बंद झाला. पुढच्या वर्षी शेजारच्या रापाल्लोने लीग जिंकली, 2014 मध्ये इंपेरियाने. एका मोठ्या आधारावर उभा असलेला संघ आधार सरकताच कोसळतो, हा धडा तिथल्या बायकांनी फार मोल देऊन घेतला. पण खेळाडूंना जायला दुसरे क्लब होते. लीग होती म्हणून संघ बुडाला तरी खेळ बुडाला नाही.

2015 ते 2018 ही चार वर्षे उत्तरेकडच्या पादोव्हाची. 2019 मध्ये ओरिझ्झोंते परतली. 2020 चा हंगाम करोनामुळे अर्ध्यावर सोडावा लागला आणि त्या वर्षी विजेतेपद कोणालाच दिले गेले नाही. 2021 पासून 2024 पर्यंत पुन्हा ओरिझ्झोंतेच. त्यांची राष्ट्रीय विजेतेपदे 24 झाली. या दुसऱ्या पर्वात तलावाच्या काठावर प्रशिक्षक म्हणून उभी राहिली मार्तीना मिचेली, आणि क्लबची धुरा वाहिली तानिया दी मारिओने, जी स्वतः 2016 पर्यंत चार ऑलिंपिक खेळली. अथेन्सच्या पाण्यात एकमेकींना चेंडू देणाऱ्या मैत्रिणींनी पुढच्या पिढीच्या हाती क्लब दिला. माझ्या मते सगळ्या करंडकांहून हा टप्पा मोठा आहे. ज्या दिवशी खेळाडूच संस्था चालवू लागतात, त्या दिवशी संस्था प्रौढ होते.

राष्ट्रीय संघाची वाट मात्र सरळ राहिली नाही. 2016 मध्ये रिओला रौप्य मिळाले, टोकियोसाठी पात्रता हुकली, पॅरिसला संघ पुन्हा उतरला. तोवर इतर देशांनीही आपापल्या लीग मजबूत केल्या होत्या. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला 11-9 असे हरवून सुवर्ण मिळवले ते स्पेनने, जिथे साबादेलसारखा क्लब वर्षानुवर्षे लीग जिंकत आला आहे. ग्रीस, हंगेरी, नेदरलँड्स, सगळीकडे हेच चित्र. पदकांची यादी वर-खाली होते, पण त्या यादीत येणाऱ्या बहुतेक देशांकडे मुलींसाठी घरची लीग आहे.

लीग चालते कशी

हे यंत्र आतून साधे आहे. अलीकडच्या हंगामांत दहा संघ असतात. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या तलावात, एकदा त्यांच्या. म्हणजे बाद फेरीच्या आधीच प्रत्येक संघाचे 18 सामने होतात. शरद ऋतूत हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. सामने बहुधा शनिवारी. वरचे संघ अंतिम विजेतेपदासाठी बाद फेरीत जातात, तळाचे खालच्या श्रेणीत उतरतात आणि तिथले वर येतात. या दोन श्रेणींखाली वयोगटांचे सामने असतात. बारा वर्षांच्या मुलीला आपल्या तलावाच्या काठावर बसून मोठ्यांचा सामना पाहता येतो, आणि पाच-सहा वर्षांनी आपण तिथे असू, हे तिला दिसते.

आपल्याकडे राष्ट्रीय जलतरण स्पर्धेबरोबर महिलांचा वॉटर पोलो होतो. केरळ, पश्चिम बंगाल आणि महाराष्ट्राच्या मुली त्यात जीव ओतून खेळतात. पण ती स्पर्धा काही दिवसांत आटोपते. मग पुन्हा सराव, पुन्हा वाट. सरावाने अंगात ताकद येते. चुकलेला पास, शिट्टी न ऐकू येणे, शेवटच्या मिनिटाला दमलेले पाय यांवरचे उत्तर मात्र सामन्यातच सापडते, आणि ते लगेच पुढच्या आठवड्याच्या सामन्यात वापरून पाहायचे असते. आपल्या मुलींकडे ताकद आहे, हिंमत आहे, प्रशिक्षकही आहेत. त्यांच्याकडे पुढचा शनिवार नाही.

वाकोल्यातून

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एक मागणी मांडते. उपनगरात पाण्याची वाण नाही. विलेपार्ल्याला प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुल आहे, अंधेरीला शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल, मुलुंडला प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडा संकुल, कांदिवलीला सरदार वल्लभभाई पटेल जलतरण तलाव, चेंबूरला जनरल अरुणकुमार वैद्य जलतरण तलाव. दादरचा महात्मा गांधी स्मारक तलाव तर मुंबईच्या किती पिढ्यांनी पाहिला. यांतल्या फक्त चार तलावांनी मुलींचा एकेक संघ उभा करावा. चार संघांनी एकमेकांशी दोनदा खेळायचे तर अवघे बारा सामने होतात, प्रत्येक संघाला सहा. लागणार काय? दोन तरंगते गोल, मैदान आखायला दोऱ्या, टोप्यांचे दोन संच, चेंडू, दोन पंच, वेळ नोंदायला एक टेबल आणि दर पंधरवड्याला शनिवारी संध्याकाळी दोन तास मोकळा तलाव.

व्होल्तुर्नोही एका गावातूनच सुरू झाली होती. ओरिझ्झोंतेला पहिले विजेतेपद मिळायला सात वर्षे लागली. आपल्याला घाई नाही, पण सुरुवात हवी आहे. ज्यांच्या हाती तलावांचे वेळापत्रक आहे त्यांनी मुलींना एक शनिवार द्यावा. ज्यांनी स्वतः वॉटर पोलो खेळला आहे त्यांनी शिट्टी गळ्यात घालून पंच म्हणून यावे. आणि वाकोल्यातल्या आया-बापांनो, तुमची मुलगी पोहायला शिकली असेल तर तिला तिथेच थांबवू नका. या स्मरणिकेच्या पुढच्या अंकात संस्थेचा इतिहास लिहायला लागेल, तो आपल्या लीगचा असू द्या.